सभा उठल्यावर

सभासंमेलनांचा इतिहास लिहिताना लेखणी बहुधा व्यासपीठाभोवतीच घोटाळत राहते. अध्यक्ष कोण होते, ठराव कोणते झाले, मतभेद कोणत्या मुद्द्यावर माजले, यांची नोंद तपशीलवार सापडते. परंतु मांडव उतरल्यानंतर त्या मैदानावर काय उरले, ते कोणी उचलले आणि कोठे नेऊन टाकले, याविषयी अहवाल सहसा मौन पाळतात. चेन्नईच्या दक्षिणेस पेरुंगुडी येथे राहणाऱ्या माणसाला हे मौन खटकल्यावाचून राहत नाही. या महानगराच्या दक्षिण भागातील कचरा गेली सुमारे चार दशके पेरुंगुडीच्या कचराभूमीवर येऊन पडत आला आहे. शहरातील मंगल कार्यालये, परिषदगृहे आणि मोठमोठी उपाहारगृहे येथे जे जे समारंभ होतात, त्यांचे उपसंहार आमच्या बाजूला लिहिले जातात, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

अलीकडे बैठका, परिषदा व संमेलने पर्यावरणाला सोसतील अशा रीतीने भरवावीत, असा विचार सर्वत्र बोलला जातो. परिपत्रके निघतात, सूचना येतात, आणि हा विचार जणू काल-परवा परदेशातून आला अशी सर्वसाधारण समजूत दिसते. वस्तुतः आपल्या देशात, आणि त्यातही मराठी मुलखात, या प्रश्नाचा विचार शंभर वर्षांपूर्वी झालेला आहे. तो केवळ विचार नव्हता. हजारो माणसांच्या सभा त्या विचाराने भरवून दाखवल्या गेल्या होत्या. त्या प्रयोगांतून काय साधले व काय निसटले, याचा थोडक्यात मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभ राष्ट्रीय सभेच्या जन्मापासूनच करावा लागतो. १८८५ सालच्या डिसेंबरात तिचे पहिले अधिवेशन पुण्यास भरावयाचे होते. पर्वतीजवळच्या पेशव्यांच्या बागेत प्रतिनिधींची सोय करण्याचे ठरले होते आणि सार्वजनिक सभेची मंडळी तयारीला लागली होती. परंतु ऐन वेळी पुण्यात पटकीची साथ सुरू झाली, आणि अधिवेशन मुंबईस गोवालिया तलावाजवळील गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत न्यावे लागले. २८ डिसेंबर रोजी तेथे ७२ प्रतिनिधी जमले. पटकी हा दूषित पाण्याचा रोग. म्हणजे देशातील सर्वांत मोठ्या राजकीय सभेची पहिली जागा पुढाऱ्यांनी निवडली आणि पाण्याने बदलली. माणसे एका ठिकाणी जमतात तेव्हा त्यांचा तेथील पाणी, माती व हवा यांच्याशी संबंध येतोच. तो आधी ओळखला नाही तर मागाहून ओळखावा लागतो, हा धडा त्या पहिल्याच वर्षी मिळाला होता.

दोन वर्षांनी, १८८७ साली, तिसरे अधिवेशन मद्रासेस भरले. मुंबईचे बद्रुद्दिन तय्यबजी अध्यक्ष होते. प्रतिनिधींची संख्या ६०७ वर गेली होती आणि पाठशाळेच्या दालनात मावेल अशी ही सभा राहिली नव्हती. म्हणून खास मांडव घालण्यात आला. आज आपण ज्याला ‘पेंडॉल’ म्हणतो तो शब्द मूळ तमिळ ‘पंदल’ हा होय. इंग्रजीने तो उचलला आणि इंग्रजीकडून तो मराठीत आला. घरचा ‘मांडव’ असताना आपण हा पाहुणा ठेवून घेतला. तमिळ पंदल म्हणजे बांबूचा सांगाडा, त्यावर विणलेल्या नारळाच्या झावळ्या, दाराशी घडासकट उभे केलेले केळीचे खुंट आणि आंब्याच्या पानांचे तोरण. कार्य संपले की बांबू मालकाकडे परत जातात, जुन्या झावळ्या चुलीत जातात, केळीचे खुंट गुरांपुढे पडतात. आपल्याकडील मांडवाची रीतही हीच. पळसाच्या पत्रावळी व द्रोण, मातीची मडकी, गावकीची मोठी भांडी, या साहित्यात उष्ट्याखेरीज टाकावयाचे असे फारसे काही नसेच, आणि जे असे ते चार महिन्यांत मातीत मिसळून जाई. हे सर्व आपल्या पूर्वजांनी पर्यावरणाचे शास्त्र वाचून केले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. दुसरे साहित्य परवडत नव्हते आणि मिळतही नव्हते, हे त्याचे साधे कारण. परंतु सक्तीने पडलेली रीतही कधी कधी शहाणी असते.

मात्र या जुन्या व्यवस्थेत एक मोठे व्यंग होते, आणि ते झाकून तिचे गोडवे गाणे योग्य नव्हे. साहित्य मातीत मिसळत असले तरी माणसांची घाण उचलण्याचे काम समाजाने एका जातीच्या माथी मारून ठेवले होते. १९०१ साली कलकत्त्यास दिनशा वाच्छा यांच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरले, त्या वेळी दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या मोहनदास गांधी नामक एका तरुण बॅरिस्टराने जे पाहिले ते त्याने पुढे आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवले आहे. रिपन कॉलेजात प्रतिनिधींची उतरण्याची सोय होती. लोकमान्य टिळकही त्याच इमारतीत उतरले होते. शौचकूप अपुरे, दुर्गंधी असह्य. स्वयंसेवकांना दाखवावे, तर ते झाडूवाल्याचे काम आहे असे उत्तर मिळे. कित्येक प्रतिनिधी रात्री खोलीबाहेरच्या पडवीचाच उपयोग करीत. गांधींनी झाडू मागितला. मागितलेला झाडू पाहून लोक चकित झाले. त्यांनी आपल्यापुरती जागा स्वच्छ केली, आणि अधिवेशन आणखी काही दिवस लांबले असते तर साथ फैलावण्यास अनुकूल परिस्थिती होती, असे मतही पुढे लिहून ठेवले.

याच अधिवेशनात गांधींनी कार्यालयात जाऊन काम मागितले आणि घोषाळबाबूंनी साठून राहिलेली पत्रे त्यांच्यापुढे ठेवली. पत्रे वाचावी, उत्तरे लिहावी, अशी निव्वळ कारकुनी त्यांनी मन लावून केली. आम्हा कारकून मंडळींना या प्रसंगाचे अगत्य वाटावे हे स्वाभाविक आहे. परंतु त्यात कौतुकापलीकडेही काही आहे. सभेचे खरे यंत्र कसे चालते, पैसा, वेळ आणि माणसे कोठे वाया जातात, हे व्यासपीठावरून दिसत नाही. ते टपालाच्या ढिगामागे बसलेल्याला आणि शौचकूप झाडणाऱ्याला दिसते. गांधींनी कलकत्त्यास ही दोन्ही कामे एकाच अधिवेशनात केली. पुढच्या पस्तीस वर्षांत काँग्रेसच्या अधिवेशनांचे बाह्य स्वरूप जे बदलले, त्याचे मूळ या दोन अनुभवांत आहे असे मला वाटते.

त्या बदलाचा पहिला ठळक टप्पा बेळगाव. २६ व २७ डिसेंबर १९२४ रोजी तेथे भरलेले अधिवेशन हे गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले एकमेव अधिवेशन होय. गंगाधरराव देशपांडे यांनी सर्व व्यवस्था उभी केली आणि अधिवेशननगरास ‘विजयनगर’ हे नाव दिले. कलकत्त्याचा प्रश्न येथे निराळ्या रीतीने सुटला. सफाईच्या पथकाचे नेतृत्व काकासाहेब कालेलकरांसारख्या विद्वान शिक्षकाने केले, आणि ज्या कामाला हात लावल्यास विटाळ होतो अशी समजूत होती ते काम सुशिक्षित, उच्चवर्णीय तरुण स्वेच्छेने करू लागले. आज आपल्याला यात नवल वाटणार नाही. त्या काळच्या बेळगावात ते केवढे धाडस होते, हे ज्यांनी आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून सोवळ्या-ओवळ्याच्या कथा ऐकल्या आहेत त्यांनाच कळेल.

बेळगावची दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हजारो माणसांच्या पाण्यासाठी अधिवेशनाच्या जागी एक मोठी विहीर खणण्यात आली आणि विजयनगरच्या नावाला साजेसे ‘पंपा सरोवर’ असे तिचे नामकरण झाले. राहुट्या उठल्या, माणसे पांगली, नगर नाहीसे झाले, विहीर राहिली. टिळकवाडीत ती ‘काँग्रेस विहीर’ म्हणून आजही ओळखली जाते. बेळगावातील ठरावांची चर्चा आता इतिहासाच्या अभ्यासकांपुरती उरली आहे. विहिरीचे पाणी मात्र त्या सभेशी काहीही संबंध नसलेल्या पुढच्या पिढ्यांच्याही कामी आले. सभा उठल्यावर जागेवर कचरा राहावा की विहीर, या प्रश्नाचे एक उत्तर बेळगावने शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे.

यानंतरचा टप्पा खानदेशातला. काँग्रेसची अधिवेशने शहरांत न भरवता खेड्यांत भरवावीत, असा आग्रह गांधींनी धरला होता. त्याप्रमाणे २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी पूर्व खानदेशातील फैजपूर येथे पन्नासावे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष आणि शंकरराव देव स्वागताध्यक्ष. नगरास ‘टिळकनगर’ असे नाव दिले होते. धनाजी नाना चौधरी यांच्यासारखे खानदेशातील कार्यकर्ते राबत होते, आणि साने गुरुजी अधिवेशनाच्या यशासाठी गावोगाव पायपीट करीत होते.

सजावटीसाठी गांधींनी शांतिनिकेतनाहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावले. त्याच वर्षी लखनौच्या अधिवेशनातील प्रदर्शन त्यांनी मांडले होते. परंतु येथे संबंध नगरच रचावयाचे होते. म्हात्रे या वास्तुतज्ज्ञांच्या साह्याने त्यांनी ते रचले. साहित्य कोणते, तर बांबू, तट्ट्या, गवत, टोपल्या, चटया. आणि कारागीर कोण, तर आसपासच्या गावांतील बुरूड व सुतार. खेड्यातील बैलगाडीलाच त्यांनी रथाचे रूप दिले. सहा बैलजोड्या जोडलेल्या त्या रथातून अध्यक्षांची मिरवणूक निघाली. शहरातून भाड्याने आणलेला झगमगाट नाही, आणि दारिद्र्याचे प्रदर्शनही नाही. बुरडाच्या हाताला जे रोज येते त्याचीच रचना बदलून एवढे सौंदर्य निर्माण होऊ शकते, ही गोष्ट त्या भागातल्या माणसांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. २५ डिसेंबरला खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधींनी याबद्दल कलावंतांचा मुक्तकंठाने गौरव केला.

फैजपूरच्या रचनेमागे एक निश्चित अर्थशास्त्र होते, आणि ते समजून घेण्यासाठी क्षणभर वर्ध्यास जावे लागेल. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे कार्यालय वर्ध्याच्या मगनवाडीत थाटले गेले. त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे तंजावरचे. १८९२ साली तंजावरात जन्मलेला, लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेला आणि अमेरिकेत सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास केलेला हा तमिळ गृहस्थ मराठी मुलखाच्या उन्हात हातकागद व तेलघाणी यांच्या मागे लागला. रॉकेलच्या कंदिलाऐवजी गावच्या घाणीच्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ मगनवाडीत तयार झाला. तंजावरात एके काळी मराठ्यांनी राज्य केले. त्या ऋणाची फेड तंजावरने कुमारप्पांच्या रूपाने वर्ध्यात केली, असे गमतीने म्हणता येईल.

कुमारप्पांनी निसर्गाच्या संपत्तीचे दोन भाग पाडले. कोळसा, खनिज तेल व धातू ही साठ्यातली संपत्ती. ती काढावी तेवढी कमी होत जाते. पीक, बांबू, लाकूड, जनावरांची शक्ती ही प्रवाहातली संपत्ती. ती वापरली तरी ऋतुचक्र ती पुन्हा भरून देते. पहिलीवर उभे राहिलेले जीवन अखेर भांडणावर जाते, दुसरीवर उभे राहिलेले जीवन टिकू शकते, असा त्यांचा सिद्धान्त. मूळ पिंड हिशेबतपासनीसाचा असल्यामुळे मुद्दल खाऊन जगणारा माणूस त्यांना श्रीमंत वाटत नसे. फैजपूरचा मांडव हा या दृष्टीने प्रवाहातल्या संपत्तीचा मांडव होता. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेला बांबू दोन दिवस सभेच्या सेवेला आला आणि तेथून पुन्हा नित्याच्या उपयोगास जाण्याजोगाच राहिला.

येथे मानवी मैल्याच्या प्रश्नाचाही उल्लेख केला पाहिजे, कारण बांबूचे कौतुक करणारे लोक या प्रश्नापाशी आले की नाकाला पदर लावतात. गांधींच्या शिबिरांतून उथळ चर खणून त्यावर कोरडी माती लोटण्याची पद्धत रूढ झाली. काही महिन्यांत त्याचे खत होई, आणि ‘सोनखत’ हा जुना शब्द त्यामुळे पुन्हा अर्थपूर्ण झाला. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी हेच काम जन्मव्रत म्हणून पत्करले. १९४८ साली कणकवलीस स्थापन झालेल्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्यापासून खत करणाऱ्या शौचकूपांचे प्रयोग केले. हेतू दुहेरी होता: मातीला तिचे सत्त्व परत मिळावे आणि माणसाला डोक्यावरून मैला वाहण्यातून सुटका मिळावी. पर्यावरणाचा प्रश्न आणि सामाजिक न्यायाचा प्रश्न हे दोन नसून एकच आहेत, हे त्यांनी व्याख्यानांपेक्षा कुदळीने अधिक पटवून दिले.

फैजपूरनंतरचे अधिवेशन फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेत तापीकाठी हरिपुऱ्यास भरले. सुभाषचंद्र बोस अध्यक्ष होते. एक्कावन्नाव्या अधिवेशनासाठी ‘विठ्ठलनगर’ उभे राहिले आणि नंदलालांनी पुन्हा कमाल केली. मातीच्या व खनिज रंगांत, हातकागदावर त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी काढलेली लोकजीवनाची चित्रे आज भारतीय कलेचा ठेवा मानली जातात. परंतु याच ठिकाणी या प्रयोगाची मर्यादाही उघड झाली. खेड्यात सभा भरवली तरी शहराच्या सवयी मागोमाग आल्या. नगर विस्तारले, विजेचे दिवे आले, खर्च फुगला, आणि गांधींनी त्याविषयी आपली नापसंती लपवून ठेवली नाही. साधेपणाचे रूप टिकले, हिशेब सुटला. बांबूची कमान म्हणजे साधेपणा नव्हे. साधेपणा बेरजेत असतो, आणि बेरीज कोणी मांडली नाही तर बांबूचीही चैन होऊ शकते. आज पोफळीच्या विरीच्या ताटल्या प्लास्टिकच्या वेष्टनात बांधून शेकडो मैलांवरून मागवल्या जातात आणि आपण त्यांना ‘हिरव्या’ म्हणतो, तेव्हा हरिपुऱ्याची आठवण व्हावी.

स्वातंत्र्यानंतर सभा वाढल्या, आणि कालांतराने सभेचे साहित्य पार बदलले. पत्रावळीची जागा थर्मोकोलने घेतली, मडक्याची बाटलीने, कापडी फलकाची फ्लेक्सने. हा बदल कोणाच्या दुष्टपणामुळे झाला नाही. नवे साहित्य हलके, स्वस्त आणि धुण्याची गरज नसलेले होते. आणि भांडी घासणाऱ्या बाईचे कष्ट त्याने वाचवले, हेही खरे आहे. परंतु त्याचा एक गुणधर्म कोणी विचारात घेतला नाही: ते साहित्य मातीत मिसळत नाही. पूर्वी सभेचे अवशेष काळ खाऊन टाकी. आता काळाला ते पचत नाहीत, म्हणून ते कोठेतरी साठवावे लागतात. त्या ‘कोठेतरी’ला पत्ता असतो. चेन्नईत उत्तरेस तो कोडुंगैयूर आहे, दक्षिणेस पेरुंगुडी.

पेरुंगुडीची कचराभूमी ज्या जागी आहे ती मुळात पडीक जमीन नव्हती. ती पळ्ळिकरणैच्या दलदलीचा भाग आहे. दक्षिण चेन्नईतील कित्येक तळ्यांचे पावसाळी पाणी या सखल भागात उतरते, तेथे थबकते, आणि मग ओक्कियम मडुवु नावाच्या वाटेने बकिंगहॅम कालव्यात व तेथून कोवळमच्या खाडीवाटे समुद्रास मिळते. शहराच्या वाट्याची ही नैसर्गिक परडी आहे. पाणी ओतले तर धरून ठेवणारी आणि हळूहळू सोडणारी. एके काळी हजारो हेक्टरांवर पसरलेली ही दलदल वस्त्या, रस्ते, कार्यालये व कचरा यांच्याखाली आक्रसत गेली. २०२२ साली तिच्या उरलेल्या सुमारे १,२४७ हेक्टर क्षेत्रास रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी एप्रिलअखेर कचराभूमीला आग लागली आणि कित्येक दिवस धुमसत राहिली. जुन्या कचऱ्याचे उत्खनन करून माती, दगड, प्लास्टिक वेगळे काढण्याचे काम महापालिकेने हाती घेतले. हिवाळ्यात जेथे रोहित पक्षी उतरतात तेथूनच कचऱ्याचे ढीग दिसावेत, असे दृश्य जगात फार ठिकाणी नसेल. २०२३ च्या डिसेंबरात ‘मिचौंग’ चक्रीवादळाचा पाऊस कोसळला, तेव्हा पेरुंगुडी, पळ्ळिकरणै व वेळच्चेरी येथील रस्ते जलमय झाले. दलदलीची जागा आपण व्यापली होती. पाण्याने आपली जागा आठवून पाहिली.

सभेच्या थाटाचा आणखी एक कटू प्रसंग याच परिसरातला. सप्टेंबर २०१९ मध्ये पळ्ळिकरणै येथे एका लग्नानिमित्त रस्त्यात लावलेला स्वागतफलक दुचाकीवरून जाणाऱ्या तरुणीच्या अंगावर पडला आणि मागून येणाऱ्या टँकरखाली तिचा प्राण गेला. मद्रास उच्च न्यायालयाने या फलकबाजीवर कठोर ताशेरे ओढले. पाहुण्यांच्या स्वागताचा खर्च यजमानानेच सोसावा लागतो असे नाही. कधी कधी तो वाटेने जाणाऱ्याला सोसावा लागतो.

राज्यकर्त्यांनी काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकवर बंदी घातली. तमिळनाडूने १ जानेवारी २०१९ पासून अशा चौदा प्रकारच्या वस्तू बंद केल्या. त्यांत प्लास्टिकचा लेप दिलेले कागदी पेलेही होते. २०२१ च्या डिसेंबरात या राज्याने ‘पुन्हा पिवळी पिशवी’ अशी मोहीम सुरू केली. लग्नकार्यात नारळ-विडा घालून पाहुण्यांना देण्याची पिवळी कापडी पिशवी ही इथली जुनी रीत. ती खेडवळ म्हणून मागे पडली होती, तिला सरकारने मानाचे पान दिले. ऑगस्ट २०१९ मध्ये लोकसभा सचिवालयाने संसदेच्या आवारात एकदाच वापरावयाचे प्लास्टिक वापरू नये असे कळवले. १ जुलै २०२२ पासून अशा ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आली. आणि शेजारच्या केरळाने तर २०१५ साली राष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरवताना ‘हरित आचारसंहिता’ लागू करून मोठ्या समारंभातही धुऊन पुन्हा वापरावयाची ताटे व पेले चालू शकतात, हे दाखवून दिले. पुढे लग्ने, उत्सव व निवडणुकाही त्या राज्यात या संहितेखाली आल्या.

तरीही काहीतरी राहून जाते. केंद्र सरकारच्या कार्यालयात कारकुनी करणाऱ्या माणसाच्या हातून बैठकींच्या पुष्कळ नस्त्या जातात. त्यांत सभागृह, चहा-फराळ, फलक, पुष्पगुच्छ, कागदपत्रांची थैली, वाहने अशी खर्चाची कलमे असतात. ‘सभा उठल्यावर उरलेल्याची विल्हेवाट’ हे कलम मी क्वचितच पाहिले आहे. जे हिशेबात नाही ते कोणाचेच नसते, आणि जे कोणाचेच नसते ते अखेर झाडूवाल्याचे होते. कलकत्त्याच्या १९०१ च्या स्वयंसेवकांचे उत्तर आपण शब्दांत देत नाही, एवढाच फरक. माणसाकडून मैला उचलून घेण्यास बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला. परंतु मिसळलेल्या उष्ट्या-खरकट्यातून, फुटक्या काचांतून आणि ओल्या प्लास्टिकातून हाताने निवड करणारी माणसे अजून आहेत, आणि ती कोठून येतात हे सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा यजमानाने अंदाजपत्रक करतानाच शेवटचे कलम पहिल्यांदा लिहावे, ही सुधारणा अगदी बिनखर्ची आहे. उरणार काय, ते कोण उचलणार, आणि कोठे जाणार, हे आधी लिहून काढले की फलक कशाचा असावा आणि पाणी कशातून द्यावे, हे प्रश्न आपोआप सुटू लागतात.

मोठ्या परिषदांच्या बाबतीत आणखी एक कलम जोडावे लागेल, ते म्हणजे प्रवासाचे. मानवी पर्यावरणावरील पहिली जागतिक परिषद १९७२ साली स्टॉकहोम येथे भरली. इंदिरा गांधी तेथे बोलल्या. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत पृथ्वीच्या काळजीसाठी भरलेल्या परिषदांना माणसे विमानांनी येत गेली, आणि दूरदूरच्या पाहुण्यांच्या परिषदेत सर्वांत अधिक इंधन जेवणावळीत वा दिव्यांत नव्हे तर प्रवासातच जळते, हे आता सर्वमान्य आहे. २०२० च्या महामारीने आपल्याला पडद्यावरच्या बैठकी शिकवल्या. कार्यालयीन बैठकींपैकी बऱ्याच तशाच होऊ शकतात, हे मी नोकरीच्या अनुभवावरून सांगू शकतो. २०२१ सालचे केंद्रीय अंदाजपत्रकही प्रथमच कागदावर न छापता सादर झाले, आणि त्यावाचून राज्यकारभार अडला नाही.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसांना एकत्र जमणे ही चैन नव्हे. येथे मुलांच्या कानी पडणारी मराठी घरापुरती असते. चार कुटुंबे एका छताखाली आली तरच ती भाषा गल्लीतली, खेळातली, भांडणातली होते. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यास ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले, तेव्हापासून मराठी भाषेने माणसे जमवूनच आपले बळ वाढवले आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीस अठ्ठ्याण्णवावे साहित्य संमेलन भरले ते याच परंपरेतून. पडद्यावर गणपतीची आरती होऊ शकते. शेजारच्या पानातला मोदक पळवता येत नाही. म्हणून जमणे कमी करा हा उपाय सरसकट लागू पडणार नाही. कोणत्या कामासाठी जमावयाचे, याचा विवेक करावा लागेल. वृत्तांत वाचून दाखवण्यासाठी माणसाला हजार मैल आणू नये. भेटीसाठी आलेल्या माणसाला आगगाडीचा वेळ सापडेल अशा तारखा ठरवाव्या.

आणि जमल्यावर काय करावे, हे शिकण्यास आपल्याला दूर जावे लागणार नाही. तमिळ मंगल कार्यालयात आजही केळीच्या पानावर जेवण वाढतात आणि पाणी पितळी वा पोलादी पेल्यातून देतात. खानदेशात फैजपूर, रावेर, यावल हा आज केळीचाच मुलूख. तेथल्या मराठी माणसाला केळीचे पान परके नाही. कापडावर रंगाने लिहिलेला, वर्ष न घातलेला फलक दहा वर्षे चालतो. मंडळाने शंभर-दोनशे पेले व ताटे एकदाच घेऊन ठेवली तर गावकीच्या भांड्यांची जुनी पद्धत शहरातही पुन्हा सुरू होते. ती घासण्याची पाळी मात्र सर्वांची असावी, अध्यक्षांचीही. नाहीतर आपण प्लास्टिक हटवून कष्ट पुन्हा जुन्याच माथ्यावर ठेवल्यासारखे होईल, आणि बेळगावने शिकवलेला धडा विसरल्यासारखेही.

इतिहासाचा उपयोग कित्ता गिरवण्यासाठी करावा असे माझे म्हणणे नाही. फैजपूरचे टिळकनगर पुन्हा उभारता येणार नाही आणि उभारण्याचे कारणही नाही. परंतु त्या मंडळींनी सभेला जो प्रश्न विचारला तो अजून शिळा झालेला नाही: जेथे आपण जमलो त्या जागेला आपल्या येण्याने काय मिळाले? बेळगावला विहीर मिळाली. फैजपूरच्या बुरडाला काम मिळाले आणि आपल्या हातातील कलेची ओळख पटली. पुढच्या संमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेवर स्थळ, वेळ व वक्ते यांची नावे छापताना कार्यकारिणीने हा एकच प्रश्न बैठकीपुढे ठेवावा आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात नोंदवावे. उत्तर लिहिणे अवघड गेले, तर तेही नोंदवावे.